खिळा ठोकल्यानंतर

९ एप्रिल, मंगळवार

बेहनाझने आज ही वही माझ्या टेबलावर आपटली. म्हणाली, "जे काय असेल ते यात लिही. परीक्षेपर्यंत रोज माझं डोकं खाणार असशील तर मी दुसरी खोली मागून घेते." आम्ही दोघी चार वर्षं एका खोलीत बसतो. ती तेहरानची, तिशीतली. मी इथलीच, स्वीडनची, सेहेचाळीसची, कागद कारखान्यात एकोणीस वर्षं यंत्रं दुरुस्त करून मग संशोधनाला आलेली. तिचा प्रबंध अजून वर्षभर लांब आहे, म्हणून तिला झोप लागते.

तर लिहिते. आज सॉमिलमधली शेवटची फेरी झाली. गेली तीन वर्षं माझा प्रोग्राम तिथे चालू आहे. मोठ्या करवतीजवळच्या नऊ ठिकाणचे आकडे तो घेतो: हादरे, तापमान, मोटरला लागणारी वीज, ओंडका पुढे सरकण्याचा वेग, असं सगळं. आणि पातं किंवा बेअरिंग बिघडण्याआधी पिवळा दिवा लावतो. शंभरातले एक्क्याण्णव बिघाड त्याने आधी ओळखले. हा आकडा मी झोपेतही सांगू शकते.

दुपारी काचेच्या केबिनमध्ये एवर्टजवळ बसले. तो ही लाइन तेवीस वर्षं चालवतोय. कॉफीत चीजचे तुकडे टाकून चमच्याने काढून खातो, आणि मला दर वेळी देतो, आणि मी दर वेळी नको म्हणते. आज त्याच्या बोटीची गोष्ट चालली होती. भर गोष्टीत तो थांबला, मान थोडी कलती केली, पुढ्यातल्या गोल बटणाशी दोन बोटांनी चाळा केला आणि मग "कुठे होतो मी?" म्हणून परत सुरू. या जूनमध्ये निवृत्त होतोय. वय कुणाला चुकलंय?

आणि वीस मिनिटांनी पिवळा दिवा लागला! माझ्या डोळ्यांसमोर! फिकाच्या, म्हणजे कॉफीच्या सुट्टीत लाइन थांबवून उघडून पाहिलं तर खालचं बेअरिंग खरोखर खाल्लेलं. मी लहान मुलीसारखी हसत होते. एवर्टने दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हुशार आहे," म्हणाला.

१८ एप्रिल, गुरुवार

स्टाफानबरोबर शेवटच्या प्रकरणावर बसले. तो माझा मार्गदर्शक, भला माणूस. आवाज कधी चढवत नाही, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही.

प्रश्न फेब्रुवारीतल्या दोन आठवड्यांचा. एवर्ट गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होता, बदली माणसं आळीपाळीने बसत होती. नेमकं तेव्हाच पातं तुटलं, दीड दिवस सगळं बंद, आणि माझा दिवा लागलाच नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा.

"बदली माणसं काय वाटेल ते करतात," स्टाफान म्हणाला. "ते नेहमीचं काम नव्हेच. ते दोन आठवडे गाळ आणि तळटीप दे."

"पण यंत्र तर तेच होतं ना?"

"मारित, दीडशे आठवड्यांतले दोन."

तळटीप दिली. चार ओळींची. बरं वाटलं नाही, पण का ते सांगता येईना, आणि जे सांगता येत नाही त्यावर स्टाफानकडे उत्तर नसतं.

३ मे, शुक्रवार

सॉमिलची व्यवस्थापक पेर्निला हिने फिकाला बोलावलं. टेबलावर दालचिनीचे बन, पाळीवरची सगळी माणसं जमलेली. तिने जाहीर केलं की एवर्ट निवृत्त झाला की त्याच्या जागी कुणी घ्यायचं नाही. केबिन रिकामी राहील, लाइन माझ्या प्रोग्रामच्या भरवशावर चालेल, दिवा लागला की दुरुस्तीवाल्याला फोनवर निरोप जाईल. "मारितच्या संशोधनामुळे हे शक्य झालं," म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वीडनमध्ये लोक टाळ्या वाजवतात म्हणजे फार झालं.

"तुला चालेल ना एवर्ट?" तिने विचारलं.

एवर्टने ओठांतून श्वास आत ओढला. हे इथल्या उत्तरेकडच्या लोकांचं 'हो'. मी दक्षिणेकडची. चार वर्षं झाली तरी मला कळत नाही की माणूस हो म्हणाला की त्याने नुसताच श्वास घेतला.

अभिमान वाटला. एवर्टकडे बघायचं टाळलंही. पण त्याला तर जायचंच होतं. मी काही त्याची खुर्ची ओढून घेतलेली नाही.

१३ मे, सोमवार

नदीवरचा बर्फ फुटला. छापखान्यातून प्रबंध आले, निळ्या पुठ्ठ्याचे, शंभर प्रती. पहिली उघडली आणि बाराव्या पानावर चूक सापडली. बेहनाझ म्हणाली, "आता पुस्तक मिटव आणि परत उघडू नकोस."

२२ मे, बुधवार

आज खिळा ठोकला!

परीक्षेच्या तीन आठवडे आधी प्रबंध सगळ्यांना वाचायला खुला करायचा, म्हणून कोपऱ्याला भोक पाडून तो आमच्या मजल्यावरच्या फळीवर खिळ्याने ठोकायचा. संगणकावर सगळं असतंच, पण ठोकल्याशिवाय कुणाला ते खरं वाटत नाही. फळीखाली हातोडी दोरीने बांधलेली असते, कारण इंजिनिअर लोक हातोडी परत आणत नाहीत. एकदा ठोकला की संपलं, त्यातलं अक्षर बदलत नाही.

एवर्ट आला होता! इस्त्रीचा सदरा घालून, ऐंशी किलोमीटर गाडी चालवत. खिशातून खिळा काढला. मिलमधला, बोटभर लांब. "विद्यापीठाचे खिळे म्हणजे टाचण्या," म्हणाला. मी तीन घाव घातले, एक चुकला. सगळे हसले, केक कापला.

त्याला एक प्रत सही करून दिली. त्याने ती दोन्ही हातांत धरली, पानं चाळली.

"फेब्रुवारीचं काय लिहिलंस?"

"ते गाळलं. नेहमीचं काम नव्हतं ना ते."

"हं," म्हणाला. आणि पुस्तक मिटून टेबलाला टेकला. मला वाटलं गुडघा दुखत असेल, म्हणून खुर्ची दिली.

२८ मे, मंगळवार

बेहनाझने माझी खोटी परीक्षा घेतली. हातात भाताचा डाव धरून बसली, उत्तर लांबलं की टेबलावर आपटायची. पान चौऱ्याऐंशीवर अडलो. तिथे नऊ आकड्यांची यादी आहे.

"ओंडक्याचा वेग कोण ठरवतं?"

"यंत्रणाच. स्वयंचलित आहे. मिलच्या कागदात तसंच आहे."

"कागदात आहे ते मी वाचलं. तू कुणाला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? प्रत्येक गोष्ट विचारत सुटलं तर लोकांना वाटेल की आपला विश्वास नाही त्यांच्यावर."

"तुम्ही लोक!" डाव आपटला. "घर पेटलं तरी शेजाऱ्याला सांगणार नाही, त्याची झोपमोड होईल म्हणून. पेशी तपासणाऱ्याने पेशीला विचारू नये ठीक आहे, पण तुझ्यासमोर तर माणूस बसला होता."

हसून सोडून दिलं. आता चहा पिताना तेच डोक्यात फिरतंय. उद्या तसंही पुस्तकाची एक प्रत पेर्निलाला द्यायची आहे. जाता जाता विचारून येते, म्हणजे बेहनाझचं तोंड बंद होईल.

२९ मे, बुधवार

नीट, क्रमाने लिहिते.

केबिनमध्ये गेले तेव्हा एवर्ट कॉफी ओतत होता. माझा प्रबंध त्याच्या बाजूला, चौऱ्याऐंशी पानावर कागदाची पट्टी घातलेली. मी म्हटलं, "एवर्ट, एक मूर्खासारखा प्रश्न. वेग आपोआप ठरतो ना?"

"ठरतो की."

"म्हणजे तुला काही करावं लागत नाही."

"नाही, हे आहे ना." आणि त्याने ते गोल बटण दाखवलं, ज्यावर त्याची दोन बोटं मी तीन वर्षं बघतेय. "आपोआप ठरतो त्याच्यावर हे थोडं कमीजास्त करायला. दहा टक्के खाली, दहा टक्के वर. आवाज बिघडला की मी जरा खाली आणतो, म्हणजे फिकापर्यंत पातं टिकतं."

"कुठला आवाज?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी विचारलं असावं की कुठली नदी.

"बेअरिंग आधी गातं. बारीक. मग पातं खोकतं. खोकायला लागलं की उशीर झाला."

मी बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझ्या प्रोग्रामने हादरे ऐकलेच नव्हते. त्याने एवढंच शिकून घेतलं होतं की वेग जरासा उतरला की थोड्या वेळाने बिघाड सापडतो. तो एवर्टकडे बघत होता. एवर्ट नसला की तो आंधळा. म्हणूनच फेब्रुवारी. आणि मी तो फेब्रुवारी माझ्या हाताने गाळला.

"तू मला सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर.

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला. रागाने नाही. मग पुस्तकावर हात ठेवून हळूच म्हणाला, "आणि मला वाटलं, तू तेच मोजतेयस. मी कसा ऐकतो ते. म्हणून तर मी त्या दिवशी सदरा घालून आलो."

त्याने चौऱ्याऐंशी पान उघडलं. "यात मी कुठेच नाही. दोनदा वाचलं. म्हटलं, इंग्रजीत असेल नाव, मला ओळखू आलं नसेल."

मी गाडीत येऊन रडले. स्वतःसाठी किती आणि त्याच्यासाठी किती, माहीत नाही. पेर्निलाची प्रत तशीच परत आणली.

३० मे, गुरुवार

वेगाचा आकडा काढून सगळं पुन्हा चालवलं. एक्क्याण्णवचे एकतीस झाले. एकतीस म्हणजे डोळे मिटून बोट ठेवण्यापेक्षा थोडंसं बरं.

बेहनाझने डाव खणात ठेवला आणि माझ्यासाठी भात घेऊन आली, तळाची खरपुडी वेगळी काढून. ती फक्त आवडत्या माणसांना देतात म्हणे.

३१ मे, शुक्रवार

स्टाफानने दोन्ही तक्ते वाचले. चष्मा काढला, पुसला, घातला. "वाईट झालं," म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे दुसऱ्या कुणाचा थयथयाट.

मग त्याने मार्ग सांगितला. प्रबंध ठोकून झालाय, तो बदलत नाही. बारा तारखेला फिनलंडहून परीक्षक बाई येणार, तिघांची समिती ठरलीय, विमानाची तिकिटं काढून झालीत. परीक्षेत कुणी वेगाबद्दल विचारलं तर मी म्हणायचं की यावर आणखी अभ्यास हवा. नंतर शरद ऋतूत शांतपणे एक लेख लिहून दुरुस्ती करायची.

"आणि कुणी विचारलं नाही तर?"

"तर नाही विचारलं."

"मिलमध्ये जूनअखेर केबिन रिकामी होणार आहे, स्टाफान. चालत्या करवतीजवळ माणसं काम करतात. तुटलेलं पातं कुठेही उडतं."

"ते पेर्निलाला फोन करून सांग ना. त्यासाठी प्रबंध कशाला मागे घ्यायचा?"

"त्यांचा निर्णय त्या प्रबंधावर उभा आहे. मी फोनवर एक सांगायचं आणि तीच गोष्ट उलटी लिहून डॉक्टर व्हायचं?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "तुझा पगार ऑगस्टअखेर संपतो. मी त्यानंतरचा शब्द देऊ शकत नाही. हे तुला धमकी म्हणून सांगत नाहीये."

मला माहीत आहे, नाही सांगत. म्हणूनच जास्त लागलं.

२ जून, रविवार

भिते आहे. लिहून ठेवते, नंतर मी धीराची होते असं स्वतःला सांगायला नको. या वयात दुसऱ्यांदा कोण संधी देतं? गावाकडच्या भावाने अंगठी घडवायला टाकलीय, डॉक्टरेट मिळाली की घालतात ती, पानांच्या नक्षीची. परीक्षेनंतरच्या जेवणासाठी अठ्ठावीस माणसांना बोलावलंय. कुणालाच काही कळणार नाही, हे खरं आहे. बेहनाझ आणि स्टाफान सोडले तर एकट्या एवर्टला कळेल, आणि तो विचारल्याशिवाय बोलत नाही.

हेच वाक्य मी तीनदा वाचलं.

३ जून, सोमवार

सकाळी आठला फळीपाशी गेले. हातोडीला मागच्या बाजूने खिळा उपटायची चीर आहे. ती बाजू आजवर कुणी वापरलेली दिसली नाही, तिच्यावरचा रंगसुद्धा शाबूत होता. मिलचा खिळा, सहज येतो होय? बेहनाझने फळी धरली, मी दोन्ही हातांनी ओढलं. कर्र असा आवाज झाला आणि स्टाफान खोलीतून बाहेर आला. त्याने बघितलं. अडवलं नाही. "परीक्षक बाईंना मी कळवतो," म्हणाला, "ते माझं काम." आणि दार लावून घेतलं.

मग पेर्निलाला फोन.

"तू मला तीन वर्षं आलेख दाखवलेस," ती म्हणाली.

"हो."

"आणि ते आलेख एवर्टचे होते."

"हो."

"त्याच्या निरोपाचा केक मी सांगून ठेवलाय," ती म्हणाली. आणि मग, माझ्यावर जेवढं चिडायचं तेवढं चिडून झाल्यावर, "तो राहील का अजून? तू विचार. मी विचारलं तर तो नुसता श्वास घेईल."

६ जून, गुरुवार

विचारलं. राष्ट्रीय दिनाची सुट्टी, तो बोटीला रंग देत होता. म्हणाला सप्टेंबरात एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम लागेपर्यंत राहीन, त्यापुढे एक दिवस नाही. पेर्निला जो कुणी नवा माणूस घेईल त्याला शिकवीन.

"आणि मला?" मी म्हटलं.

"तुला कशाला?"

"पुन्हा लिहायचंय. पगार ऑगस्टपर्यंतच आहे, पुढचं पुढे. या वेळी तुझं नाव पहिल्या पानावर असेल."

त्याने ब्रश डब्यात ठेवला आणि श्वास आत ओढला. या खेपेला मला कळलं.

१२ जून, बुधवार

आज परीक्षा असती. दहा वाजता मी सभागृहात काळा कोट घालून उभी असते. त्याऐवजी दहा वाजता केबिनमध्ये एवर्टच्या खुर्चीत बसले होते. तो बाजूच्या स्टुलावर, दुखरा गुडघा लांब करून. भावाला फोन करून सांगितलं होतं की अंगठी राहू दे. तो म्हणाला, राहू देतो, मोडत नाही.

एवर्टने कॉफी दिली. मी चीजही घेतलं. पहिल्यांदाच. दातांखाली कचकचतं, वाईट नाही.

"डोळे मिट," म्हणाला. "आवाज बदलला की बोट वर कर."

सकाळभर मी सात वेळा बोट वर केलं. एकदा बाहेर ट्रक होता, एकदा पंखा, एकदा त्याचं स्वतःचं पोट. प्रत्येक वेळी तो तेवढंच म्हणायचा, "नाही." अकराच्या सुमाराला मी कंटाळून ऐकायचंच सोडलं, आणि तेव्हा ते आलं. फार बारीक. लांबच्या खोलीत कुणीतरी किटली ठेवून विसरावं तसं.

मी बोट वर केलं. तो काहीच बोलला नाही, म्हणून डोळे उघडले. त्याची दोन बोटं बटणावर होती. कधीपासून होती कोण जाणे. पण त्याने ते फिरवलं नव्हतं. माझ्यासाठी थांबला होता.

"मग?" म्हणाला.

त्याने हात काढला, मी बटण फिरवलं. एवढंसंच, खाली.

वीस मिनिटांनी पिवळा दिवा लागला. एवर्टने दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बघ," म्हणाला, "तुलासुद्धा ओळखायला लागला."